डबा उघडण्याबाबत

दुकानदार अशफाकने राउटरच्या डब्याची चिकटपट्टी नखाने उचलली आणि गोजराबाईने डब्यावर हात ठेवला. सगळे तिथून बिघडले.

जावईबापू धनराजराव यांस इंद्रभानचा नमस्कार. आपली व रूपालीची प्रकृती बरी असावी. मी व गोजराबाई उभयता ठीक आहोत.

पहिल्या बाळंतपणाला रूपालीला माहेरी पाठवण्यासाठी आपली अट एकच होती. सुट्टी लागेपर्यंत ती इथून ऑफिसचे काम करणार, म्हणून राउटर असा हवा, ज्यातले कंपनीचे फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्राम) काढून दुसऱ्या लोकांनी बनवलेले घालता येते. (त्याशिवाय ऑफिसचा बंद मार्ग उघडत नाही, असे आपण समजावले. मी समजल्याचे सांगितले.) मॉडेल आपण कळवले. आवृत्ती दोनच घ्या, असे बजावलेही. ती यंत्राच्या बुडाशी छापलेली असते.

रिसोडच्या दुकानात अशफाक म्हणाला, “मामी, नाव एकच, पोट अलग. उघडल्याबिगर कसं समजंन?”

गोजराबाई म्हणाली, “लेकीच्या पह्यल्या बाळंतपणाची वस्तू हाय. फोडलेला डबा मी घरात नेत नाई.”

मी पैसे दिले. घरी हळदकुंकू वाहून डबा उघडला. आवृत्ती चार. तिच्यात बाहेरचे फर्मवेअर मावत नाही.

दुसऱ्या दिवशी अशफाकने डबा फिरवून पाहिला. “काका, कंपनी कुंकू लावलेला माल वापस घेते काय?” त्याने तो स्वतःच्या दुकानात लावला. मग आवृत्ती दोनचा डबा काढला आणि गोजराबाईकडे पाहिले. “मामी, डॉक्टर पोटातलं बाळ पाह्यतेच ना? मंग डब्यातलं पाह्यलं त काय झालं?” ती हसली. डबा तिनेच फोडला.

फर्मवेअर भरताना वीज गेली तर यंत्र मरते, असे आपण लिहिले होते. म्हणून राउटर इन्व्हर्टरवर लावला आणि घरातले बाकी सर्व बंद केले. गोजराबाईने देवापुढचा दिवाही शांत केला. (तो तेलाचा आहे. पण तिने धोका पत्करला नाही.) यंत्र जगले.

आपला,
इंद्रभान

ता. क. लाइन गेली तर रूपालीने रजा टाकावी. लाइन राहिली तरी टाकावी, असे गोजराबाईचे म्हणणे आहे. फर्मवेअरचे मला अजूनही कळलेले नाही. रूपालीला पाठवा.

ता. क. पत्र टाकायचे राहिले. आज सकाळी लाइन तपासायला रूपालीला व्हिडिओ कॉल लावून गोजराबाईच्या हाती दिला. बराच वेळ चित्र हलेना, आवाज येईना. मी राउटर बंद करायला उठलो. चित्र अडकले नव्हते. मायलेकी नुसत्या एकमेकींकडे बघत होत्या.