अर्धं वजन

अंबरनाथ (पूर्व)
१२ ऑगस्ट २०२४

ती. कुंदाताई,

नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? सोहम नाशिकच्या हॉस्टेलला रुळलाय. तुमच्या कुरडया त्याच्यासोबत दिल्या. पालेगावच्या बाजूला आणखी टॉवर उठलेत, गॅलरीतून डोंगर दिसायचा बंद झाला.

फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला बोलता येणार नाही, म्हणून लिहितेय.

श्रीपादच्या कंपनीतला जूनमधला अपघात तुम्हाला माहीत आहे. टेम्पोतून उतरवताना मशीन फळीवरून घसरलं आणि हरिचंद्र नावाचा कामगार खाली सापडून गेला. ‘त्याचाच हात सुटला,’ असं श्रीपादने सुपरवायझर म्हणून लिहून दिलं.

हरिचंद्रची मुलगी जिज्ञासा माझ्याच अकरावीच्या वर्गात आहे. बऱ्याच दिवसांनी ती कॉलेजला आली, तेव्हा नेमका उतारावरच्या बलांचा धडा होता. मी म्हटलं, "हे नंतर घेऊ."

"नको मॅडम, आजच शिकवा."

मी तिरपी रेघ काढली. वजनाचा बाण सरळ खाली. त्याचे दोन घटक पाडले, एक फळीला दाबणारा, दुसरा उतारावरून खाली ओढणारा. जिज्ञासा उभी राहिली.

"फळी टेम्पोच्या उंचीच्या दुप्पट लांब असेल तर?"

"मग तीस अंश. अर्धं वजन खाली ओढतं."

"मशीन सहाशे किलोचं होतं. फळीवर ऑइल सांडलेलं. दोरीला पप्पा आणि एक काका, दोघंच. ते काका आता बोलायला घाबरतात. मॅडम, तीनशे किलो दोघं धरू शकतात?"

"नाही," मी म्हटलं.

"मग हात सुटला असं का म्हणतात?"

घरी येऊन श्रीपादला विचारलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला. "दोरीला चौघं होते. दोघांना मीच दुसऱ्या गाडीवर पाठवलं. वरून घाई चालली होती. हरी म्हणाला, साहेब, माणसं येऊ द्या. मी म्हटलं, सोड खाली." मग म्हणाला, "मी मुद्दाम नाही केलं गं."

ते खरंच आहे, ताई. मयताहून आला तेव्हा तो जेवला नव्हता.

तू स्वतः जाऊन सांग, म्हणून मी त्याच्या मागे लागले. वाट पाहिली. शेवटी शुक्रवारी चौकशी अधिकाऱ्यांना मीच सांगून आले. बाहेर बाकावर जिज्ञासाची आई बसली होती. तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मी पन त्यालाच दोष देत होते, मॅडम. रोज."

हे पत्र पोचेपर्यंत श्रीपाद तुमच्याकडे आला असेल. मी सांगून आल्याचं कळताच त्याने बॅग भरली. त्याला लगेच काही विचारू नका, आधी जेवायला घाला. आई गेल्यावर तुम्हीच त्याला वाढवलंत, म्हणून हे माझ्याकडून कळावं असं वाटलं. माझं तोंड बघावंसं वाटलं नाही, तरी मी समजेन.

अजून तरी तुमची भावजय,
मालिनी