चारही चाकं उघडून पाहिल्यावर

मी, बुबूकान सादिरोवा, केरिमअली सादिरोव यांची विधवा, राहणार कोचकोर, पूर्वी मोटार डेपोत ब्रेकदुरुस्तीच्या कामाला, हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण नोटरीबाई म्हणाल्या की त्यांची कायद्याला गरज नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की गळ घातलेली नाही. याआधीचं मृत्युपत्र मी चुलीत घातलं, ते रद्द समजावं. माझा दीर ओस्मोन याला माझ्या मातीला फिरकू देऊ नये, असं त्यात एक कलम होतं.

घर, अंगण आणि मागची सफरचंदाची झाडं माझी मुलगी कालिपा हिला. मी गेल्यावर मातीच्या जेवणाला घोडा कापू नये, मेंढीत भागवावं. लोक नावं ठेवतील, ती ठेवू द्यावीत. मी पुष्कळ वर्षं ऐकून घेतली आहेत.

कशाबद्दल, ते इथे लिहून ठेवणं भाग आहे, कारण पुढचं कलम मोटारीचं आहे.

केरिमअली डोलोनची खिंड उतरताना आमच्या जुन्या मोस्कविच मोटारीसकट दरीत गेला. त्याच आठवड्यात मी तिच्या चारही चाकांचे ब्रेक-शू बदलले होते. मातीला जमलेल्या लोकांसमोर ओस्मोन म्हणाला, "ब्रेक हिनं बसवले होते." एवढंच म्हणाला. गावाला तेवढं पुरलं. मोडकी गाडी त्याने ओढून आपल्या गोठ्यात नेली आणि कुलूप घातलं. मी बघायला गेले तर म्हणाला, "माझ्या भावाची खूण आहे ती. तुझा हात लागू देणार नाही."

तेव्हापासून पीठ मळताना, गाय पिळताना, मी मनात तेच ब्रेक पुन्हा पुन्हा बसवत राहिले. स्प्रिंगचा आकडा नीट अडकला होता ना? नळीत हवा राहिली नव्हती ना? मला माझ्या हातांची खात्री होती, आणि नव्हतीही.

या वसंतात ओस्मोनला गवताच्या गाड्यासाठी आस हवा होता, म्हणून त्याने मागचं एक चाक सोडवलं, ब्रेक झाकणारा ड्रमही काढला. मग काठी टेकत माझ्या दाराशी आला.

"वहिनी, चल. एक चाक उघडलंय, आतलं सगळं जागेवर आहे. बाकीची तू उघड."

"इतकी वर्षं कुलूप कोणी लावलं होतं?"

"मीच. चल आता."

ड्रम गंजून धरले होते. आतला पेच ढिला केला, तेल सोडलं, लाकडी हातोड्याने कडेकडेने गोल ठोकत गेले, तेव्हा एकेक सुटला. शेवटचा दगडावर आपटून चेपला होता, तो ओस्मोनने करवतीने कापला. चारही चाकांत शू जागेवर होते, अस्तर नव्यासारखं जाड, स्प्रिंगा अडकलेल्या, सिलिंडरचं रबर कोरडं, म्हणजे तेल गळलेलं नव्हतं. नळी तेवढी दगडाखाली चिरडली होती, झिजून फुटलेली नव्हती.

ओस्मोन पालथ्या बादलीवर बसला. "मग कशानं गेला तो?"

"कुणाला माहीत. जनावर आडवं आलं असेल, नाहीतर डोळा लागला असेल. ब्रेकनं नाही गेला."

"म्हणजे मी उगाच..."

"हो, उगाच."

तो रडला. मला रडू आलं नाही. छातीवरून कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं, आणि सपाटून भूक लागली. मी त्याला चहा टाकायला सांगितलं आणि त्याच्या घरच्या परातीएवढ्या जाड रोटीतली अर्धी एकटीने खाल्ली.

तर त्या गाडीचा आस मी ओस्मोनला जिवंतपणीच दिला आहे. उरलेली गाडी भंगारात घालावी. मला तिचं आता काही पाहायचं राहिलेलं नाही.

माझी सगळी हत्यारं ओस्मोनची सून नुरझात हिला. ती जुन्या गाडीतून याच खिंडीवरून उतारू नेते. सासरा पाठवत नसे, तरी हरवलेली मेंढी शोधायच्या निमित्ताने ती माझ्याकडे शिकायला यायची. तिने एवढं पाळावं: एका चाकाचे शू बदलले की जोडीच्या चाकाचेही बदलायचे. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे स्प्रिंगा कशा होत्या ते दुसरीकडे बघता येतं. आतली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. ड्रम काढलेला असताना पेडलवर पाय ठेवायचा नाही. आणि उतार लागायच्या आधी, सपाटीवरच एकदा ब्रेक दाबून बघायचा, कोणीही बसवलेले असोत. मी बसवलेले असले तरी.

ओस्मोनला काही ठेवलेलं नाही. ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही, असं नोटरीबाई म्हणाल्या. मी त्यालाच विचारलं, "वाटा घेतोस की सही करतोस?"

"काय देणार होतीस?"

"चहाचा समोवार."

"तो गळका?"

"तोच."

"सही करतो," म्हणाला.

सही: बुबूकान सादिरोवा
स्थळ: कोचकोर. दिनांक १४ मे २०१९

साक्षीदार:
अनारकुल तोक्तोबेकोवा, निवृत्त शिक्षिका. मजकूर माझ्यासमोर वाचला, सही माझ्यासमोर झाली.

ओस्मोन सादिरोव, मयत केरिमअली यांचा धाकटा भाऊ. चाकं उघडली तेव्हा मी तिथे होतो. लिहिलंय तसंच आहे.