दादांच्या गाडीतला स्टिरिओ

सोमवार, ३ तारीख. संध्याकाळ.
हिच्या थोरल्या भावाला, म्हणजे दादांना, आज हॉस्पिटलात अ‍ॅडमिट केलं. उद्या पोटाचं ऑपरेशन. सगळं नीट झालं तर शनिवारी डिस्चार्ज. तोवर त्यांची गाडी माझ्याकडे. चावी देताना दादांनी ती जरा जास्तच घट्ट धरली होती. म्हणाले, जावईबापू, नुसती चालवा. या "नुसती"चा अर्थ कळला नाही.

हिचे वडील लवकर गेले. हिला वाढवलं दादांनीच. त्यामुळे ही धास्तावलेली. माझ्याकडे एकच मागणं मागितलं: गाडी चालू राहू द्या, शनिवारी दादाला त्याच्याच गाडीतून घरी आणायचंय. म्हटलं, निर्धास्त राहा.

घरी येताना एक गोष्ट ध्यानात आली. ब्रेक मारला की गाडीतला स्टिरिओ बंद पडतो. मग मनात आलं की सुरू. दादांनी वर्षानुवर्षं हे सोसलं! संकल्प: शनिवारी दादा गाडीत बसतील तेव्हा स्टिरिओ अखंड वाजत असेल. हिला सांगितलेलं नाही. सरप्राइज.

मंगळवार, ४.
दादांना सकाळी आत नेलं. ही आणि वहिनी ऑपरेशन थिएटरबाहेर बाकावर. मी खाली पार्किंगमध्ये. पळालो असं नव्हे. पण त्या कॉरिडॉरमध्ये मला बसवत नाही. हात रिकामे राहिले की नको ते मनात येतं. शिवाय डॉक्टर त्यांचं काम करत होते, मी माझं.

डॅशबोर्ड उघडून स्टिरिओ बाहेर काढला. मागे वायरींचं जंजाळ. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. पिवळी वायर बॅटरीचा करंट कायम देते. लाल वायर चावी फिरवली की देते. काळी गाडीच्या बॉडीला, अर्थिंगची. सोपं आहे. फ्यूज चेक केला, ठीक. काळी वायर जरा सैल वाटली, पण इतका साधा फॉल्ट असणं शक्य नाही. चालू-बंदचं बटण आपोआप हातात आलं. जुनंच होतं. ग्लू लावून बसवलं. आता ते फिरत नाही, पण मजबूत आहे.

ऑपरेशन सांगितल्यापेक्षा लांबलं. शेवटी ही मला शोधत खाली आली. डोळे सुजलेले. म्हणाली, दादाला बाहेर आणलं, शुद्धीवर येतोय. मला केवढं हायसं वाटलं! म्हटलं, छान, जरा टॉर्च धर.
धरला नाही.

बुधवार, ५.
यश! मूळ घोळ डिझाइनमध्येच आहे. एका स्टिरिओला करंटच्या दोन वायरी हव्यात कशाला? लाल आणि पिवळी एकत्र पिळून थेट बॅटरीला जोडल्या. आता ब्रेक मारा, हॉर्न मारा, स्टिरिओ ढिम्म बंद होत नाही. चावी काढून घेतली तरी वाजतो. कंपनीलासुद्धा हे जमलं नव्हतं.

बटण अडकल्यामुळे तो अजिबातच बंद होत नाही, हे खरं. पण ते किरकोळ. आवाजाचं बटण वेगळं आहे, त्याने आवाज अगदी बारीक करून ठेवला. म्हणजे बंदच.

गुरुवार, ६. सकाळ.
गाडी सुरू होईना. चावी फिरवली की नुसतं टक्. बॅटरी म्हातारी झाली आहे. दादांनी लक्ष द्यायला हवं होतं. शेजाऱ्यांच्या गाडीला केबल जोडून कशीबशी उठवली. शेजारी म्हणाले, रात्रभर आत कोण गुणगुणत होतं? म्हटलं, टेस्टिंग. तेवढ्यात ही दादांचा डबा घेऊन बसने निघून गेली. माणसाला धीर म्हणून नाही.

त्याच दिवशी, उशिरा.
दुपारी ऑफिसात हिचा फोन. दादांना सणसणून ताप भरला, डॉक्टर नीट सांगत नाहीत, तुम्ही या. पळत खाली गेलो. टक्. परत फिरवली. टक्. स्टिरिओवर बाई छान गात होती. तिच्यावर ओरडलो. बस बदलत बदलत पोचलो तोवर भेटीची वेळ संपली होती. वॉचमन आत सोडेना. खाली उभा राहून वरच्या खिडक्यांकडे बघत बसलो. दादांची कुठली तेही ठाऊक नव्हतं. मान दुखायला लागली तरी हलवेना.

संकल्प: उद्या सकाळी सगळं होतं तसं करायचं.

शुक्रवार, ७.
ताप उतरला! जखमेत पू वगैरे काही नाही. डिस्चार्ज उद्याच.

वायरी काढायला गेलो तर अशी ठिणगी उडाली की हात झटकला. जिवंत सर्किटला उगाच डिवचू नये. गॅरेजमधून बॅटरी फुल चार्ज करून आणली. गॅरेजवाला म्हणाला, साहेब, आधी तो स्टिरिओ काढा. धंदा आहे त्याचा, बोलणारच. हॉस्पिटल ते दादांचं घर अंतर ते किती.

ही म्हणाली, टॅक्सी सांगून ठेवूया. मला लागलं ते. म्हटलं, शब्द दिलाय मी. तिने हातातला मोबाइल पर्समध्ये टाकला. मग म्हणाली, बरं.

शनिवार, ८.
सकाळी पोर्चमध्ये गाडी लावली. फर्स्ट क्लास चालली. पण डिस्चार्जचे कागद काही होईनात. एक सही झाली की दुसरा माणूस जागेवर नाही. दुपार झाली. स्टिरिओ खाली आपला वाजतोच आहे.

दादांना व्हीलचेअरवरून आणलं. केवढे उतरलेत! पोटाशी उशी धरून मागे बसले, शेजारी ही, पुढे वहिनी. चावी फिरवली.
टक्.
मागे अँब्युलन्स आली. सायरन. पुन्हा फिरवली. टक्. गार्ड बॉनेट बडवायला लागला. गाणं मात्र स्वच्छ, एकदाही तुटलं नाही. ही आणि वहिनी उतरून ढकलायला लागल्या. दादांनीही दार उघडून एक पाय खाली टाकला, तेव्हा ही त्यांच्यावर किंचाळली. आयुष्यात पहिल्यांदा. आरशात अँब्युलन्सची काच दिसत होती, आत कुणीतरी सलाईनची बाटली उंच धरून उभं. देवा, त्या माणसाला काही होऊ देऊ नको, एवढंच मनात. गार्डने खांदा लावला आणि गाडी एकदाची बाजूला झाली. अँब्युलन्सचं दार लगेच उघडलं. आतले आजोबा गार्डला काहीतरी बोलले. बोलले म्हणजे ठीक असावेत.

मग टॅक्सी. मागे तिघं. ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी होती. मी दार धरून उभा होतो. कुणी बस म्हणालं नाही, मग मी बाहेरूनच दार लावून दिलं.

रविवार, ९.
ही आठ दिवस दादांकडेच राहणार. सकाळी फोन आला. वाटलं होतं, फैलावर घेईल. उत्तरं तयार होती: बॅटरी, कंपनी, हॉस्पिटलचे कागद. एवढंच म्हणाली, घरात काही दुरुस्त करू नका. म्हटलं, बरं. फ्रीज जरा घुरघुरतोय, तरी म्हटलं, बरं.

घरात करमेना. संध्याकाळी दादांची चौकशी करायला फोन केला. वहिनींनी उचलला. मागे हसण्याचा नुसता कल्लोळ. ही हसत होती, आणि "दादा, हसू नकोस, टाके उसवतील" असं म्हणत म्हणत जास्तच हसत होती. विचारलं, काय झालं एवढं? वहिनी म्हणाल्या, काही नाही हो भाऊजी, असंच. आणि औषध द्यायला उठल्या. फोन तसाच चालू राहिला.

मीही ठेवला नाही. आठवडाभरात ही पहिल्यांदा हसत होती. कान लावून बसलो.

मग दादांनी जिभेने आवाज काढला: टक्. आणि सगळे पुन्हा सुरू.

मी फोन ठेवला.