पैठणची गोष्ट सांगण्याचा हक्क

मी, मोहनराव वल्द उत्तरेश्वर सुरवसे, वय सहासष्ट, राहणार मौजे तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, पूर्वी निजाम सरकारच्या मदरशात, म्हणजे शाळेत, शिक्षक, असे लिहून ठेवतो की दम्याने छाती भरून येते, पण अक्कल शाबूत आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करीत आहे.

कलम पहिले. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते माझी विधवा मुलगी चंद्रभागाबाई हिला देतो. माझा भाऊ अर्जुनराव याने "लेकीला घर कावून?" असे चारचौघांत विचारले, म्हणून कारण लिहितो.

पैठण एके काळी राजधानी होती, हे आमच्या भागात फार थोड्यांना ठाऊक होते. तिथल्या टेकाडाची पांढरी माती लोक शेतात घालायला नेत. सुगी सरली की मी गाड्या जोडून कुणब्यांना, मेंढक्यांना, बायाबापड्यांना तिथे नेऊ लागलो. सातवाहन राजे कोण, इथला माल कुठवर जाई, तेव्हाची बोली आपल्या मराठीची पणजी कशी, हे टेकाडावर बसून सांगत असे. एके वर्षी परवानगीवाचून जमाव केला म्हणून पोलीस ठाण्याच्या अमिनाने अडवले. म्हाळू मेंढका त्याला म्हणाला, "साहेब, आमी दंगा कराया न्हाई आलो. आमचे वाडवडील कोन व्हते, ते ऐकाया आलोत."

अमिनाने गाड्या परतवल्या. पुढे त्यापायी माझी नोकरी गेली. मी ओसरी सोडून कुठे जाईनासा झालो.

तेव्हा माझी पत्नी सावित्रीबाई हिने काम उचलले. शेवया करायला बाया जमत, तिथे ती पैठण सांगू लागली. मी घाबरलो. ती म्हणाली, "शेवयांना परवानगी लागत न्हाई." त्या बायांनी ती गोष्ट चकलांब्यापर्यंत माहेरी नेली. सावित्रीबाई गेल्यावर चंद्रभागा सांगते, आणि माझ्याहून चांगले सांगते. तिला बसायला हक्काची ओसरी हवी.

कलम दुसरे. जुन्या नगरीचे चित्र मी कापडावर काढले, सावित्रीबाईने त्यावर दोरा भरला. ते चंद्रभागेचे. पेटीत कोंडू नये. जे गाव मागेल तिथे न्यावे. मळले तर धुवावे.

कलम तिसरे. विहिरीतला माझा हिस्सा व बैलजोडी अर्जुनरावास. टेकाडावरची कोरीव शिळा आणून त्याने गुरांच्या डोणीखाली बसवली, त्यावरून आमचे बोलणे तुटले. ती त्याने मारुतीच्या पारावर ठेवावी. अट घालत नाही, विनंती करतो. अट घातली की तो हट्टाला पेटतो, हे मी लहानपणापासून पाहिले आहे.

कलम चौथे. तेराव्याला जेवणावळ नको. रीतसर परवानगी काढून गाड्या पैठणला न्याव्यात. न मिळाल्यास आमच्या ओसरीवर बसावे. चंद्रभागेने सांगावे. शेवटच्या फेरीत म्हाळूची बायको साखराबाई हिने मला विचारले होते, "येवढी मोठी राजधानी व्हती, मंग तिथं पानी कोन भरत व्हतं?" मला राजांची नावे येत होती. याचे उत्तर पुष्कळ शोधले, सापडले नाही. चंद्रभागेने राजांच्या आधी हा प्रश्न मांडावा, मग गप्प राहून बायांना बोलू द्यावे.

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली.

सही: मोहनराव उत्तरेश्वर सुरवसे

साक्षीदार: सुग्रीव वल्द तात्याबा, सही
साक्षीदार: बिभीषण वल्द आप्पा, निशाणी अंगठा

मुक्काम तलवाडा, माघ वद्य पंचमी, शके १८५३, सन १३४१ फसली