वाचनालयाच्या बारा खुर्च्या

४ फेब्रुवारी १९८९
पेपरात वंदनाचा फोटो. जळगावला स्टुडिओ काढला म्हणे, फर्निचर आणि चित्रं. खाली ओळ: ‘खानदेशातील पहिली महिला फर्निचर डिझायनर’. पहिली. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून पाच वर्षं इथे देवपुरात, मागच्या शेडमध्ये हेच करते आहे, ते बहुधा शिवणकाम असावं. माझ्याच चित्रकलेच्या तासाला हिची रेघ पट्टी लावूनही वाकडी यायची. यापुढे नुसतं वं. लिहायचं. पूर्ण नावाला शाई वाया.

७ फेब्रु.
महिला वाचनालयाच्या बारा खुर्च्या मीच करणार हे धरून चालले होते. आज अध्यक्षा नलिनीताई म्हणतात, "वंदनाकडूनही एक नमुना मागवलाय. स्पर्धा नाही हो बाई, नुसतं बसून बघू."
हे काम गेलं तर रशीदमिस्त्री यावलला भावाच्या कारखान्यात जाणार. सरळ सांगितलंय त्यांनी. सहा महिने शेडमध्ये रंधा फिरला नाही, त्यांचं काय चुकलं. ते गेले की मी कागदावरच्या खुर्च्यांची मालकीण.

१० फेब्रु., शुक्र.
नमाजानंतर मिस्त्री आले. ड्रॉइंग बघितलं. मग, "बाई, सीट चार बोटं रुंद घेऊ का? आपल्या बायका मांडी घालून बसतात."
"वाचनालयात?"
"माझी अम्मी तर दवाखान्यात पण बसते."
ऐकलं नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर पाठीला पट्टी लावून बघत. पाठ ताठ, गुडघे जुळलेले. खुर्चीने वळण लावायचं असतं.

१५ फेब्रु.
वाचनालयात दोन्ही नमुने मांडले. वं.ची खुर्ची बुटकी, ऐसपैस, नवारीची. खाटेचं पिल्लू. आणि सगळ्या तिच्यापुढे रांगेत: चपला काढून, पाय वर, पदर सारखा करून. माझ्या खुर्चीत एकट्या सखुअक्का बसल्या, सभासदांत सगळ्यांत वजनदार. लगेच उठल्या. "बाई, आठे वाचानं शे का परीक्षा देवानी शे?" सगळ्या हसल्या. वं. हसली नाही, ते जास्त लागलं. उलट माझ्या खुर्चीखाली वाकून सगळ्यांदेखत, "बाई, असा सांधा माझ्याकडे कुणालाच जमत नाही. माझी करकरते." सांधा मिस्त्रींचा. मी श्रेय घेतलं.
सगळ्या चहाला गेल्यावर तिच्या खुर्चीत बसले. दोन्ही पाय वर घेतले. किती वेळ, ते लिहीत नाही.

१६ फेब्रु.
बाराही तिला. सांगायला स्वतः आली. पेढे न आणण्याइतकी अक्कल आहे. म्हणणं असं की ड्रॉइंग तिचं, काम माझ्या शेडमध्ये, मिस्त्रींच्या हातून. "तुमची नजर असली की बिघडणार नाही, बाई." म्हणजे मी मुकादम. विचार करते म्हटलं. ती वळताच नकाराचं पत्र लिहिलं. फार चांगलं उतरलंय.

१८ फेब्रु.
पत्र टेबलावरच. शेडमध्ये गेले तर मिस्त्रींनी सागाच्या फळ्या काढून वं.च्या मापाने खुणा केलेल्या.
"कापू का, बाई? ताईंना काय कळवू?"
ताई. परवा जाताना शेडमध्ये ड्रॉइंग देऊन गेली, त्या एका भेटीत ताई.
खुणा चोख होत्या. मागचे पाय मात्र तिने फार बारीक काढलेत, सखुअक्कांना पेलणार नाहीत. हे तिला कोण सांगणार...
म्हटलं, आधी करवतीला धार लावा. आजचा दिवस त्यात जाईल.