तुझी तिरपी मान

माय, तुझे गुडघे कसे आहेत? बापाचा खोकला थांबला का? आत्याची कंबर? थोरल्या काकूला अजून दम लागतो का? एकेकाचं विचारतोय, म्हणजे तुझ्या डोळ्यांचं विचारायला तेवढाच उशीर होईल. तुम्ही सगळे आता एकाच ठिकाणी आहात. इथलं म्हणशील तर सगळे धडधाकट आहेत, माझे दोन्ही डोळे सोडले तर.

उन्हाळ्यात सेनगावच्या दुकानात सदऱ्याचं कापड पसरलं, पट्टी धरून खडूची रेघ मारली, तर ती मधोमध वाकलेली. इतकी वर्षं शिवणकाम केलं, रेघ कधी वाकली नव्हती. राग पट्टीवर काढला. नवी आणली, तीही वाकडी. मग नातीचा हात धरून हिंगोलीला डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण पोरगा, मला मामा म्हणतो. त्यानं बारीक चौकटींचा कागद समोर धरला, मधल्या ठिपक्याकडे बघा म्हणाला. ठिपका नव्हताच. त्याच्या भोवतीच्या रेघा पाण्यात पडल्यासारख्या हलत होत्या.

"वय झालं की डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजतो, मामा. एक प्रकार कोरडा, तो वर्षानुवर्षं हळूहळू नजर खातो. दुसरा ओला, आत पाणी झिरपतं, रक्त झिरपतं, आणि थोड्या दिवसांत मधलं पुसून जातं. तुमचा ओला आहे. डोळ्यात सुई द्यावी लागेल." तुला ठाऊक आहे, मला कळल्याशिवाय चैन पडत नाही. शाळा नसली तरी पुड्याच्या कागदांवर वाचायला शिकलेला मी. विचारत गेलो, तसा तोही सांगत गेला. जपानात म्हातारी माणसं फार, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी कोणत्या वयात कोणता प्रकार धरतो, नजर किती उरते, हे बारकाईनं बघितलंय म्हणे. मी विचारलं, "अन् तिथल्या म्हाताऱ्या तिरप्या मानेनं बघतात का हो?"

तो हसला. "सगळीकडच्या बघतात. मधलं गेल्यावर माणूस कडेनंच बघणार की."

नात खुदकन हसली. "आमचे आबा बी तसंच बघून राहिलेत, डॉक्टर. कोंबडीवाणी!"

मला हसू आलं नाही, माय. तू चुलीपाशी बसली आहेस, मांडीवर सूप आहे, मान एका अंगाला कलती करून तुरीच्या डाळीतले खडे वेचते आहेस. एक खडा सुटत नाही. मी दारात येऊन उभा राहतो, आणि तू विचारतेस, "कोण हाय?" मी चिडून म्हणतो, "खडा दिसतो अन् पोटचं पोरगं दिसत न्हाई व्हय?" तू म्हणतेस, "खडा कडंला असतोय बाबा. माणूस समोर येऊन उभं राहातंय." मला वाटलं, म्हातारी सोंग करते. तुझं वर्षानुवर्षं गेलं, म्हणजे तुझा कोरडा असणार. सोंग नव्हतं ते.

आणि मग ते बारसं. माझ्या लेकाची पहिली पोरगी तुझ्या मांडीवर. तू मान वळवून तिच्याकडे तिरपं बघत होतीस. विहीणबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, म्हातारी लेकराकडं अशी तिरपी काहून पाहून राहिली? दृष्ट लागंल की." मी पुढं झालो आणि लेकरू तुझ्या मांडीवरून उचललं. तू म्हणालीस, "कान दिसला रं तिचा. आता तोंड बघू दे." मी म्हणालो, "तू ओसरीत बस." तू उठलीस, भिंतीला हात लावत गेलीस. त्या हिवाळ्यात तू गेलीस. तोंड बघायचं राहिलं ते राहिलंच.

त्या दिवसाचं मला कडेकडेचं सगळं आठवतं. पाळण्याची दोरी, घुगऱ्यांचं ताट, तुझ्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या. मधे तुझं तोंड होतं, ते काही केल्या दिसत नाही. मी तेव्हा बघितलंच नसणार.

मला बोट धरून नेणारी नात म्हणजे तेच लेकरू. परवा तिला समोर बसवलं आणि मान वळवून बघितलं. आधी कान दिसला. मी घाबरून नजर सरळ केली, तर तोंडाच्या जागी राखेसारखा डाग. "आबा, काहून असं बघता?" म्हणाली. मी म्हणालो, "काही न्हाई, वेणी सुटलीय तुझी." वेणी नीट होती.

एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, तुमच्या घरात आधी कुणाला असं होतं का? मी म्हणालो, "न्हाई." हो म्हटलं असतं तर तुझं सगळं सांगावं लागलं असतं, आणि नात शेजारीच बसली होती. पुढच्या आठवड्यात परत जायचं आहे. हो म्हणू का?

हे टपालात टाकायचं नाही, शिवणयंत्राच्या खणात ठेवतोय. तरी लवकर लिही. तुला लिहिता येत नव्हतं, तिथं कुणाकडून तरी लिहून घे. अक्षरं मोठी काढायला सांग, आणि कागदाच्या कडेला. मधलं मला वाचता येत नाही.