मामंजींची मान

मंगळवार, संध्याकाळ

सुटले बाई! आज मामंजींच्या मानेचा पट्टा निघाला. जिन्यात पडल्यापासून जिवाला घोर होता. डॉक्टरांनी सांगाडा दाखवला. कवटीखालचा पहिला मणका ‘हो’ म्हणायला, दुसरा ‘नाही’ म्हणायला. मामंजींनी दोन्ही करून दाखवलं.

पण मला हवी होती ती इथली, चेन्नईची, दोन्ही खांद्यांकडे झुलणारी मान. ती हालचाल खालचे मणके मिळून करतात म्हणे, वेळ लागेल. पुण्याहून लग्न होऊन आले तेव्हा त्या झुलण्याचा किती राग यायचा! हो की नाही, एकदाचं सांगा ना!

मघाशी विचारलं, “मामंजी, कॉफी आणू?”

मान झुलली. थोडीशीच, पण झुलली.

वीस वर्षांत पहिल्यांदाच मी “म्हणजे हो ना?” असं विचारलं नाही. सरळ दूध तापत ठेवलं.